वाचनालयाच्या प्रोजेक्टरवर फाटणारे चित्र : एका तक्रारीचा तपास

बेळगाव तालुक्यातील कडोली, उचगाव, येळ्ळूर यांसारख्या गावांनी ग्रामीण मराठी साहित्य संमेलनांची परंपरा टिकवून ठेवली आहे. संमेलन संपले तरी त्याचे चित्रीकरण पुढे बराच काळ आसपासच्या वाचनालयांत आणि मंडळांत दाखवले जाते. त्याच परिसरातील एका वाचनालयाच्या सभागृहात असे चित्रीकरण दाखवताना चित्र ‘फाटते’, अशी तक्रार आली. तिचा तपास येथे सविस्तर मांडला आहे, कारण एका वाक्यात सांगितलेल्या या तक्रारीत वेगवेगळ्या ठिकाणी जन्मलेले दोष एकमेकांवर चढलेले होते, आणि वरचा दूर केल्याशिवाय खालचा ओळखू येत नव्हता.

यंत्रणा साधी होती. इंटेलचा चौथ्या पिढीतील कोअर आय-थ्री प्रोसेसर असलेला जुना डेस्कटॉप, प्रोसेसरातच असलेले ग्राफिक्स, टेबलावर व्हीजीए केबलने जोडलेला १३६६×७६८ चा मॉनिटर आणि छतावरच्या प्रोजेक्टरकडे भिंतीच्या कडेने गेलेली लांब एचडीएमआय केबल. प्रोजेक्टर १९२०×१०८० चा होता, परंतु दोन्ही पडद्यांवर एकच चित्र दिसावे म्हणून दोघांनाही झेपेल असे १२८०×७२० हे माप ठरवलेले होते. संगणकावर पूर्वी विंडोज १० होते. मायक्रोसॉफ्टने १४ ऑक्टोबर २०२५ रोजी त्याचा आधार थांबवला, आणि इतक्या जुन्या यंत्राला विंडोज ११ चालत नसल्यामुळे वाचनालयाने लिनक्स मिंट या मोफत कार्यप्रणालीची, एक्सएफसीई हा हलका डेस्कटॉप असलेली आवृत्ती बसवून घेतली. खर्च न करता यंत्र कामात ठेवण्याचा तो निर्णय मला आजही योग्य वाटतो.

कार्यक्रमाची जबाबदारी असलेल्या तरुण कार्यकर्त्याने सांगितले ते असे : “सर, ग्रंथदिंडी सुरू झाली की चित्र मधेच कापल्यासारखं होतंय बघा. भाषणं चालू असताना काही नाही.” ग्रंथपाल बाईंचे म्हणणे होते की, गावातील जुन्या नाट्यप्रयोगाची जी टेप संगणकावर उतरवून घेतली आहे, तिच्यात तर माणसांच्या कडांना दातरे येतात. आणखी एका सभासदाचा रोख लिनक्सवर होता. विंडोज असताना असे कधी झाले नव्हते, असे त्यांनी ठासून सांगितले. मी पोहोचण्यापूर्वी केबल बदलून पाहिली होती आणि फरक पडला नव्हता. तो पडणारही नव्हता. एचडीएमआयवरून संकेत अंकीय रूपात जातो. केबल खराब असेल तर पडद्यावर चमचमणारे ठिपके येतात, चित्र क्षणभर जाऊन परत येते किंवा मुळीच येत नाही. चित्राचा वरचा भाग एका क्षणाचा आणि खालचा भाग दुसऱ्या क्षणाचा, अशी शिस्तशीर चूक केबलला करता येत नाही.

फाटणे नेमके कशामुळे होते

पडद्यावरचे चित्र एकाच वेळी उमटत नाही. संगणकाच्या स्मृतीतील एका ठरावीक भागात, ज्याला फ्रेमबफर म्हणतात, पूर्ण चित्र तयार असते, आणि तेथून ते एकेक रेषेने, वरून खाली, पडद्याकडे पाठवले जाते. १२८०×७२० या मापात सेकंदाला ६० वेळा हे चालते, म्हणजे एका फेरीला सुमारे १६.७ मिलिसेकंद लागतात. दिसणाऱ्या रेषा ७२० असल्या तरी हिशेबात प्रत्येक फेरी ७५० रेषांची असते. उरलेल्या ३० रेषांच्या वेळात काहीही दाखवले जात नाही. जुन्या काचनळीच्या दूरचित्रवाणी संचात इलेक्ट्रॉनांचा झोत खालच्या कोपऱ्यातून पुन्हा वर नेण्यासाठी ही सवड लागत असे. झोत गेला, सवड राहिली, आणि आज ती दुसऱ्याच कामासाठी अत्यावश्यक ठरली आहे. जुने चित्र काढून नवे ठेवायचे असेल तर ते या सवडीत, म्हणजे जेमतेम ०.६७ मिलिसेकंदात, ठेवले पाहिजे. रेषा पाठवणे चालू असताना ठेवले, तर तोवर गेलेल्या रेषा जुन्या चित्राच्या असतात आणि पुढच्या नव्या चित्राच्या. दोहोंच्या सीमेवर जी आडवी फट दिसते, तेच फाटणे.

भाषणाच्या दृश्यात ते का दिसत नव्हते, याचे उत्तर यातच आहे. वक्ता एका जागी उभा असतो, लागोपाठच्या दोन चित्रांत फरक नसतो, त्यामुळे सांधा असूनही डोळ्यांना सापडत नाही. ग्रंथदिंडीत कॅमेरा पालखीबरोबर बाजूला सरकतो, आणि भगव्या ध्वजांच्या काठ्या, विजेचे खांब, घरांच्या चौकटी अशा उभ्या रेषा सांध्यापाशी तुटून एका बाजूला सरकलेल्या दिसतात. म्हणून असा दोष तपासताना खरे चित्रीकरण लावून बसण्यापेक्षा काळ्या पार्श्वभूमीवर एक उभी पांढरी पट्टी आडवी सरकते आहे, अशी सेकंदाला ६० चित्रांची छोटी चित्रफीत बनवून घ्यावी. एफएफएमपेग या चित्रफिती बनवण्याच्या आणि बदलण्याच्या मोफत साधनाने ती काही मिनिटांत होते आणि नंतर प्रत्येक ठिकाणी उपयोगी पडते.

तपासाचा क्रम

चित्र फाईलपासून पडद्यापर्यंत चार टप्प्यांतून जाते : फाईल, ती उलगडणारा प्लेअर, सगळ्या खिडक्या एकत्र मांडणारा कंपॉझिटर आणि शेवटी पडद्याकडे रेषा पाठवणारी यंत्रणा. नेटवर मिळणारे बहुतेक सल्ले यांतल्या एखाद्या टप्प्यावरचे एखादे कलम थेट बदलायला सांगतात, आणि चित्र नेमके कोठे मोडते हे पाहण्याचे काम राहून जाते. येथे आधी ते पाहिले.

पहिली कसोटी म्हणजे चित्रफीत थांबवणे. ग्रंथदिंडीचे दृश्य थांबवताच फट नाहीशी होत होती आणि चित्र निर्दोष दिसत होते. नाट्यप्रयोगाची टेप थांबवली, तरी हातवारे करणाऱ्या नटाच्या बाह्यांना दातरे तसेच राहत होते. येथेच तक्रारीचे दोन भाग झाले. थांबल्यावरही राहणारा दोष फाईलमध्ये असतो, किंवा फाईल उलगडण्याच्या पद्धतीत असतो. फाटणे हे चित्र बदलण्याच्या क्षणाशी बांधलेले असल्यामुळे थांबलेल्या चित्रात ते असूच शकत नाही. दुसरी कसोटी स्क्रीनशॉटची. फट दिसत असताना कितीही स्क्रीनशॉट घेतले तरी त्यांत ती येत नव्हती. स्क्रीनशॉट स्मृतीतून घेतला जातो आणि फाटणे स्मृतीतून बाहेर पडताना घडते, त्यामुळे हा अपेक्षितच निकाल होता, आणि त्यातून सरकत्या दृश्यांपुरती फाईल निर्दोष ठरली. मोबाइलने पडद्याचे छायाचित्र काढून पुरावा दाखवण्याची पद्धत मात्र येथे फसवी आहे, कारण मोबाइलचा कॅमेराही चित्र रेषारेषांनीच टिपतो आणि नसलेली फटही दाखवू शकतो.

तिसऱ्या कसोटीने पहिला धागा हाती आला. सरकत्या पट्टीची चित्रफीत लहान खिडकीत चालवली तेव्हा मॉनिटरवर पट्टी अखंड राहिली. तीच पूर्ण पडद्यावर नेताच मॉनिटर आणि प्रोजेक्टर दोन्हींवर ती तुटू लागली, आणि तुटण्याची जागा दर क्षणी वेगळी होती. एक्सएफसीईच्या विंडो मॅनेजरमध्ये, म्हणजे खिडक्या सांभाळणाऱ्या भागात, कंपॉझिटर चालू होता. २०१९ च्या ४.१४ या आवृत्तीपासून त्याला पडद्याच्या सवडीशी ताल राखून चित्र बदलता येते, आणि लहान खिडकीत तो ते करत होता. परंतु त्याच्याच सेटिंगमध्ये, पूर्ण पडदा व्यापणारी खिडकी कंपॉझिटरला वगळून थेट दाखवावी, असा एक पर्याय असतो. खेळांसाठी तो सोयीचा आहे, कारण मधला एक टप्पा वाचतो. येथे तो चालू होता, म्हणजे पूर्ण पडद्यावर ताल राखण्याची जबाबदारी कंपॉझिटरकडून प्लेअरकडे जात होती. आणि व्हीएलसी या प्लेअरमध्ये चित्र बाहेर पाठवण्याची रीत म्हणून कोणी तरी जुन्या सल्ल्यावरून एक्सव्हिडिओ निवडून ठेवले होते, जे या यंत्रातल्या ग्राफिक्सच्या ड्रायव्हरवर (ग्राफिक्स चालवणाऱ्या प्रोग्रॅमवर) सवडीची वाट न पाहता चित्र नकलून टाकत असे. दोन्ही बाजूंनी कोणीच ताल राखत नव्हते. थेट दाखवण्याचा पर्याय बंद केला, व्हीएलसीची निवड ओपनजीएल या दुसऱ्या रीतीवर आणली, आणि मॉनिटरवर पूर्ण पडद्यातही पट्टी अखंड झाली.

लिनक्सवर ठपका ठेवणाऱ्या सभासदांचे म्हणणे या ठिकाणी अर्धे खरे ठरते, हे नोंदवले पाहिजे. विंडोज ८ पासून डेस्कटॉपचा कंपॉझिटर बंदच करता येत नाही, त्यामुळे तेथे असला पर्याय चुकून चालू राहण्याचा प्रश्न सहसा उद्भवत नाही. लिनक्सवर खिडक्या पडद्यावर दाखवणाऱ्या जुन्या एक्स विंडो प्रणालीवर ही मोकळीक वापरणाऱ्याच्या हाती आहे, आणि मोकळीक असली की निष्काळजीपणालाही वाव मिळतो.

प्रोजेक्टर मात्र अजून फाडतच होता. बहुतेकांनी या टप्प्यावर प्रोजेक्टर सदोष ठरवला असता. परंतु फाटण्याचे रूप आता पालटले होते, आणि या प्रकरणातील सर्वांत बोलका पुरावा तोच ठरला. आधी फट कोठेही उमटत असे. आता पडद्यावर एकच फट होती, ती किंचित थरथरत तळापासून हळूहळू वर चढत होती, माथ्याला पोहोचली की क्षणभर चित्र अखंड होत असे आणि मग फट पुन्हा तळाशी दिसू लागे. घड्याळ लावले तेव्हा एका फेरीला सुमारे १७ सेकंद लागत होते.

एक्सरँडर या साधनाने दोन्ही पडद्यांचे वेग पाहिल्यावर खुलासा झाला. मॉनिटर सेकंदाला ६० वेळा ताजा होत होता आणि प्रोजेक्टर ५९.९४ वेळा. हा दुसरा आकडा अमेरिकी रंगीत दूरचित्रवाणीच्या जमान्यातून आलेला आहे. ६० ला १.००१ ने भागून तो मिळतो, आणि आजही एचडीएमआय उपकरणे दोन्ही वेग जाहीर करतात. दोघांतील फरक सेकंदाला ०.०६ फेरीचा, म्हणजे १६.७ सेकंदांत बरोबर एका फेरीचा. कंपॉझिटर मॉनिटरची सवड साधून चित्र बदलत होता. प्रोजेक्टर किंचित मंद असल्यामुळे प्रत्येक बदलाच्या क्षणी तो आधीपेक्षा थोड्या वरच्या रेषेवर असे. एका चित्रामागे सुमारे पाऊण रेषा, सेकंदाला ४५ रेषा. ७५० ला ४५ ने भागले की तेच १६.७ सेकंद येतात. मधला अखंड क्षण म्हणजे बदल प्रोजेक्टरच्या स्वतःच्या सवडीत पडण्याचा काळ. ३० रेषांना ४५ ने भागून तो सेकंदाचा दोन-तृतीयांश येतो, आणि पडद्यावर दिसत होता तोही साधारण तेवढाच.

हिशेब जुळला तरी प्रत्यक्ष पडताळणी करणे इष्ट होते. दोन पडद्यांवर एकच चित्र असताना कंपॉझिटरने कोणाचा ताल धरावा, हे प्राथमिक पडदा कोणता नेमला आहे यावर येथे ठरत होते. डिस्प्ले सेटिंगमध्ये मॉनिटरऐवजी प्रोजेक्टरला प्राथमिक केले आणि पुन्हा लॉगिन केले. प्रोजेक्टरवरची पट्टी अखंड झाली, आणि टेबलावरच्या मॉनिटरवर फट अवतरली, तीही आता वरून खाली उतरणारी. प्रोजेक्टर, केबल आणि फाईल या तिघांचीही सुटका येथे झाली.

दोन्ही पडदे ६० वर आणले तर प्रश्न सुटेल, असे कार्यकर्त्याने सुचवले. करून पाहिले, फट एका जागी जवळजवळ थबकली, पण गेली नाही. वेगाचा आकडा सारखा झाला तरी दोन पडद्यांनी फेरी एकाच क्षणी सुरू करावी असे बंधन त्यांच्यावर नसते. एका गावातली दोन देवळे सायंकाळी सात वाजताच आरती सुरू करतात, म्हणून त्यांच्या घंटा एकाच ठोक्यावर पडत नाहीत, तसेच हे.

ड्रायव्हरचा उपाय का टाळला

इंटेलच्या जुन्या एक्स ड्रायव्हरमध्ये ‘टेअरफ्री’ नावाचा पर्याय आहे. तो प्रत्येक पडद्यासाठी जादा बफर ठेवून त्या त्या पडद्याच्या सवडीत चित्र बदलतो, त्यामुळे या यंत्रावर दोन्ही पडदे एकाच वेळी निर्दोष करणे त्याला शक्य होते. सल्ला विचारला तर दहांपैकी नऊ जण हाच उपाय सांगतील, आणि घरच्या संगणकावर मीही तो वापरेन. परंतु मिंट या यंत्रावर इंटेलचा तो ड्रायव्हर वापरत नाही, मोडसेटिंग नावाचा सर्वसाधारण ड्रायव्हर वापरते. टेअरफ्रीसाठी ड्रायव्हर बदलून त्याची संरचना-फाईल हाताने लिहावी लागते. तिच्यात चूक झाली किंवा पुढच्या अद्ययावतीकरणात काही बिनसले, तर संगणक चालू झाल्यावर चित्रच न येण्याची शक्यता असते. वाचनालयात संगणक दुरुस्त करणारे कोणी नाही, कार्यक्रम संध्याकाळचा असतो आणि बेळगावहून माणूस येईपर्यंत सभागृह ताटकळते. वाचनालयासारख्या सार्वजनिक ठिकाणी, बिघडला तर संगणक पुन्हा चालू करताच पूर्ववत होईल, असाच उपाय स्वीकारावा, असे माझे मत आहे. मिंट एक्सएफसीईऐवजी, एक्सच्या जागी आलेल्या वेलँड या नव्या प्रणालीवर चालणारा डेस्कटॉप बसवणे हाही एक मार्ग होता, कारण अपुरे चित्र पडद्यावर जाऊ न देणे हे त्या रचनेचे मूळ तत्त्वच आहे. पण ग्रंथनोंदणीचे रोजचे काम ज्यांना नुकतेच सवयीचे झाले होते, त्यांच्यापुढे पुन्हा नवा पडदा ठेवणे बरे वाटले नाही.

काय केले

कार्यक्रम चालू असताना मॉनिटर लागतो का, हे विचारल्यावर उत्तर मिळाले की पुढची चित्रफीत निवडण्यापुरताच लागतो, आणि ते काम मोठ्या पडद्यावरही करता येते. त्यामुळे उपाय सोपा झाला. डेस्कटॉपवर ‘कार्यक्रम’ आणि ‘रोजचे काम’ अशी दोन चिन्हे ठेवली. पहिले दाबले की एक्सरँडरची एक ओळ चालते, मॉनिटर बंद होतो आणि प्रोजेक्टर एकटा राहतो. दुसरे दाबले की पूर्वस्थिती येते. एक्सरँडरने केलेला बदल कायम साठवला जात नाही, म्हणून वीज जाऊन संगणक पुन्हा सुरू झाला तरी मॉनिटर आपोआप जागा होतो. पडदा एकच उरल्यावर कोणाचा ताल धरायचा हा प्रश्नही उरत नाही. शिवाय मॉनिटरच्या मापाची अट गेल्यामुळे प्रोजेक्टर त्याच्या मूळच्या १९२०×१०८० वर चालवता आला, आणि संमेलनाच्या चित्रीकरणातील देवनागरी अक्षरांच्या पट्ट्या एकदम स्पष्ट दिसू लागल्या. हा लाभ कोणी मागितला नव्हता, पण सर्वांत जास्त दाद त्यालाच मिळाली.

फाटणे थांबल्यावर ग्रंथदिंडी पुन्हा लावली, तेव्हा ग्रंथपाल बाईंच्या लक्षात आले की कॅमेरा सरकताना चित्र अजूनही बारीक हिसके घेते. त्यांचे निरीक्षण अचूक होते. आपल्याकडील व्हिडिओ कॅमेरे पाल या दूरचित्रवाणी पद्धतीच्या परंपरेने बहुधा सेकंदाला २५ चित्रे टिपतात. सेकंदाला ६० वेळा ताज्या होणाऱ्या पडद्यावर २५ चित्रे सारखी वाटता येत नाहीत. काही चित्रे दोन फेऱ्या टिकतात आणि काही तीन, म्हणून चालीत लंगडेपणा येतो. हे फाटणे नव्हे आणि कंपॉझिटरच्या कोणत्याही सेटिंगने ते जात नाही. प्रोजेक्टर ५० चा वेगही घेत होता, आणि ५० वर प्रत्येक चित्राला बरोबर दोन फेऱ्या मिळतात. ‘कार्यक्रम’ या चिन्हामागच्या ओळीत वेगाचा आकडा ५० केला आणि दिंडी सुरळीत चालू लागली. मॉनिटरला ५० चा वेग जमत नव्हता, पण तो आता मध्ये नव्हताच.

राहिली नाट्यप्रयोगाची टेप. ती डीव्ही पद्धतीची होती : ७२०×५७६ माप, सेकंदाला ५० अर्धचित्रे. एका अर्धचित्रात सम रेषा आणि पुढच्यात विषम रेषा असतात. काचनळीचा संच ती एकामागून एक दाखवत असे, आजचा पडदा दोन्ही एकदम दाखवतो, आणि दोन अर्धचित्रांमधल्या सेकंदाच्या पन्नासाव्या हिश्श्यात हललेला हात दातेरी दिसतो. प्लेअरमधील, अर्धचित्रांपासून पूर्ण चित्रे बनवणारा डीइंटरलेस हा पर्याय चालू करून दातरे जातात, परंतु दर वेळी तो आठवणीने चालू करावा लागू नये म्हणून यादिफ ही गाळणी लावून एफएफएमपेगने फाईलची नवी प्रत बनवली, आणि प्रत्येक अर्धचित्राचे एक पूर्ण चित्र करवून घेतले. डीव्हीमध्ये सम रेषांचे, म्हणजे ‘खालचे’ म्हटले जाणारे, अर्धचित्र आधी येते. तो क्रम उलटा धरला गेला तर हालचाल पुढेमागे थरथरते, म्हणून प्रत काढल्यावर नाटकातील प्रवेश-निर्गमनाची दृश्ये मुद्दाम पाहिली. नवी प्रत सेकंदाला ५० चित्रांची झाली, म्हणजे प्रोजेक्टरच्या नव्या वेगाशी एकास एक जुळली. मूळ फाईल मात्र वेगळ्या हार्ड डिस्कवर जशीच्या तशी ठेवायला सांगितली आहे, कारण उद्या याहून चांगली गाळणी आली तर प्रत पुन्हा मूळावरूनच काढावी लागेल.

निघताना कार्यकर्त्याने मोबाइलवर घेतलेल्या चित्रफितींचे काय, असे विचारले. मोबाइल बहुधा सेकंदाला ३० च्या आसपास चित्रे टिपतो, तीही नेहमी समान अंतराने नाही, त्यामुळे ५० च्या वेगावर त्या किंचित अडखळणार. वाचनालयाकडे अशा फिती मुख्यतः भाषणांच्या आणि कविसंमेलनाच्या आहेत, आणि त्यांत कॅमेरा हलत नाही. त्यामुळे ‘कार्यक्रम’ चिन्हाचा वेग ५० च ठेवला. मोबाइलवर टिपलेली एखादी मिरवणूक दाखवायची वेळ आली, तर डिस्प्ले सेटिंगमध्ये तेवढ्यापुरता ६० कसा करायचा, हे त्याने वहीत लिहून घेतले आहे.